जीपचा मागील बंपर : उपयोग, फेरफार आणि कायदा

युटिलिटी वाहनांच्या इतिहासाची चर्चा बहुधा इंजिन आणि चारही चाकांना मिळणारी गती यांभोवती फिरते. वाहनाचे मागील टोक दुर्लक्षित राहते. वस्तुतः वाहन कोणाच्या हाती आहे आणि त्याच्याकडून कोणते काम अपेक्षित आहे, याची खूण तेथेच स्पष्टपणे उमटलेली दिसते.

जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने हलक्या टेहळणी वाहनासाठी निविदा मागविल्या. बॅन्टम कंपनीचा नमुना सप्टेंबरात तयार झाला. पुढे विलिस-ओव्हरलँड व फोर्ड या कंपन्यांनी मिळून महायुद्धाच्या काळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. या जीपला मागे सलग बंपर नव्हताच. मध्यभागी ट्रेलर किंवा हलकी तोफ ओढण्यासाठी जाड आकडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चेसिसच्या आडव्या पट्टीवर बोल्टांनी कसलेले दोन आखूड पोलादी तुकडे, एवढीच ती रचना होती. सलग पट्टी आकड्याच्या आड आली असती. गाडीच्या बचावापेक्षा ओढकाम महत्त्वाचे, हा लष्करी अग्रक्रम त्यातून दिसतो. १९४५ च्या ‘सीजे-२ए’ या नागरी जीपला मागे उघडणारा फाळका आला, स्टेपनी बाजूला गेली आणि शेतीची अवजारे ओढण्याची सोय झाली.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. सरकारी खात्यांची ही गाडी कालांतराने ग्रामीण प्रवासी वाहतुकीत उतरली. पश्चिम महाराष्ट्रात ‘वडाप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वाहतुकीत मागील बंपरचे जणू रूपांतरच झाले. फॅब्रिकेशनच्या दुकानांतून त्यावर लोखंडी पायरी आणि टपावरील कॅरियरपर्यंत जाणारी शिडी वेल्डिंगने जोडली जाई. पायरीवर माणसे उभी राहत. एस.टी.च्या फेऱ्या अपुऱ्या पडत तेथे ही पायरी चैनीची वस्तू नव्हती. पण मागून धडक बसल्यास पहिला आघात तेथे उभ्या असलेल्या प्रवाशावरच होई. बंपर ज्यासाठी असतो, त्याच्या नेमका उलट हा उपयोग म्हणावा लागेल.

२०१० मध्ये ‘थार’ बाजारात आल्यानंतर हौशी मालकांचा वर्ग वाढला आणि जाड पत्र्याचे, आकडे व स्टेपनीची बिजागरी असलेले बंपर बसविले जाऊ लागले. येथे तांत्रिक विवेक आवश्यक ठरतो. ओढण्याचा ताण चेसिसवर पडला पाहिजे. बॉडीच्या पत्र्याला कसलेला आकडा चिखलात रुतलेली गाडी ओढताना पत्र्यासह उखडू शकतो. मागील आसाच्या पलीकडे टांगलेले वजन पुढील चाकांवरील भार हलका करते. बंपरची खालची कड जितकी खाली, तितकी चढ सोडताना ती जमिनीला लवकर टेकते. म्हणून जाणकार कारागीर तिची दोन्ही टोके तिरपी कापतात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती झाली. उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. तत्पूर्वी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाने अनधिकृत क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळविले होते. हौसेचा बंपर व वडापची पायरी यांमागील गरजा निराळ्या असल्या, तरी कायद्याचा प्रश्न दोहोंबाबत एकच राहतो : हा भाग उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळतो काय?