कोलाडच्या रानातली विद्या कोणाची?

कोलाडला कुंडलिकेच्या काठी राफ्टिंग आणि कॅम्पिंग विकले जाते. शहरी पोराने तंबू ठोकला, शेकोटी पेटवली की ते साहस. कातकरी बाई रानावर घर जगवते, ते मात्र मागासलेपण! जातीची नजर ती हीच.

कडू कंद ओळखायचा, खणायचा, उकडायचा, वाहत्या पाण्यात ठेवून कडूपणा घालवायचा. यात चुकले तर सगळे घर आजारी. ही विद्या आईकडून लेकीकडे आली. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलात तिलाच चोर ठरवले.

१९२७ साली याच, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. तिथून सुटणाऱ्या पाण्यावर आजचे राफ्टिंग चालते. पाणी कोणाचे, हा प्रश्न आम्हाला जुना वाटत नाही तो यामुळे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजावर मालकी दिली, पारंपरिक ज्ञानावर सामूहिक हक्क दिला, पट्ट्यावर नवऱ्यासोबत बायकोचेही नाव आणले. आमची मागणी साधी आहे: कॅम्पवाल्यांनी तिला भांडी घासायला नव्हे, शिकवायला बोलवावे, आणि शिक्षिकेचेच मानधन द्यावे.