नेफा, नाडी आणि फुगा

तळोजा फेज एकमध्ये माझ्या मामांचं शिवणकामाचं दुकान आहे. परवा गेलो तेव्हा ते लेंग्यात नाडी ओवत होते. नाडीच्या टोकाला सेफ्टी पिन लावायची, ती नेफ्यात सरकवायची, पुढचं कापड चुण्या घालत पिनेवर ओढून घ्यायचं, त्या चुण्या डाव्या चिमटीत घट्ट धरायच्या आणि पिन पुन्हा पुढे सारायची. चिमूट सुटली की चुण्या उलगडतात आणि पिन होती तिथेच राहते.

गेल्या वर्षी मामांच्या लहान आतड्याची तपासणी याच युक्तीने झाली. हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. वरून दुर्बीण घातली, खालून घातली, दोन्हीकडे काही नाही. रक्त जात होतं ते मधूनच कुठून तरी.

आपण अजूनही ‘दुर्बीण घातली’ असंच म्हणतो. शब्द फारसी, अर्थ दूरचं पाहणारी. मला तो फार आवडतो, कारण पोटातलं हे मधलं सहा मीटर आतडं खरोखरच दूर होतं. १८६८ साली जर्मनीत कुस्माउल या डॉक्टरने तलवार गिळणाऱ्या खेळकऱ्याच्या घशातून सरळ नळी उतरवून जठरात डोकावून पाहिलं. १९५७ साली हिर्शोविट्झ या डॉक्टरने काचतंतूंची वाकणारी दुर्बीण आणली. पुढे मोठं आतडंही दिसू लागलं. लहान आतडं मात्र हाती लागेना. ते पोटात एका पातळ पडद्याला लोंबतं, कुठे पक्कं बांधलेलं नाही. मागून दुर्बीण रेटावी तर आतडं ताणतं, नळीची वेटोळी होतात आणि जोर टोकापर्यंत पोचतच नाही.

उपाय झाले, पण जिवावर येणारे. जपानमध्ये रुग्णाला दोरी गिळायला लावत. ती खालून बाहेर आली की तिच्या आधाराने दुर्बीण ओढून नेत. नाहीतर पोट उघडायचं आणि सर्जनने आतडं हाताने चुण्या घालत दुर्बिणीवर चढवायचं. मामांची चिमूट तिथे सर्जनच्या बोटांत होती.

ती चिमूट पोट न फाडता आत कशी न्यायची, याचं उत्तर जपानमधल्या तोचिगीच्या जिची मेडिकल युनिव्हर्सिटीतल्या हिरोनोरी यामामोतो यांनी शोधलं. अडचण दुर्बिणीच्या लांबीची नाही, आतडं ताणण्याची आहे, हे त्यांनी ओळखलं. म्हणजे ताणू न देणारं काहीतरी हवं. त्यांनी दुर्बिणीच्या टोकाला एक फुगा लावला आणि तिच्यावर चढवलेल्या मऊ नळीच्या टोकाला दुसरा. नळीचा फुगा फुगवला की आतडं तिथे धरलं जातं. दुर्बीण पुढे जाते. मग दुर्बिणीचा फुगा धरतो, नळी मागून येते. दोन्ही फुगवून हलकेच मागे ओढलं की आतडं चुण्या पडून नळीवर गोळा होतं. फुग्यातला दाब पाऱ्याच्या साधारण ४५ मिलिमीटरचा, म्हणजे पकड बसेल पण इजा होणार नाही इतका. २००१ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा चाचणी फक्त चार रुग्णांवर झाली होती. आधी जठराच्या साध्या दुर्बिणीवर फुगे लावून पाहिले, मग लांब दुर्बीण घेतली. २००३ च्या सुमारास फुजिनॉन कंपनीने ती बाजारात आणली. २००७ मध्ये ऑलिम्पसने एकाच फुग्याची काढली. तिच्यात दुसऱ्या फुग्याचं काम दुर्बिणीचं वाकवलेलं टोक करतं.

यामामोतोंची पद्धत प्रसिद्ध झाली त्याच सुमारास इस्रायलच्या गॅव्ह्रिएल इदान यांची गिळायची कॅमेरा-कॅप्सूलही आली होती. ती सोपी, पण तिला फक्त दिसतं. तुकडा काढता येत नाही. आपल्याकडे हा फरक मोठा आहे, कारण इथे आतड्याचा क्षयही आढळतो. मुंबईचे सर्जन एस. के. भन्साळी यांनी १९७७ साली पोटाच्या क्षयाच्या ३०० रुग्णांचा अनुभव मांडला होता. क्षयाचे व्रण आणि क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजाराचे व्रण डोळ्यांना सारखेच वाटू शकतात. क्रोन्सची औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, ती क्षयाच्या रुग्णाला दिली तर अनर्थ होतो. शिवाय क्षयाने आतडं जिथे अरुंद झालं असेल तिथे कॅप्सूल अडकून बसते. ती बाहेर काढायलाही पुष्कळदा फुग्याचीच दुर्बीण लागते.

पेंधरहून मेट्रोने बेलापूर, तिथून लोकलने मुंबई, असे आम्ही तपासणीला गेलो. डॉक्टरांनी कागदावर आतडं काढून सगळं समजावलं, तेव्हा मामांनी एवढंच विचारलं, “चुण्या धरून कोण ठेवतं?” डॉक्टरांनी फुग्यावर पेन टेकवलं.

पहिल्या दिवशी तोंडावाटे जिथवर जाता आलं तिथे त्यांनी आतड्याच्या भिंतीत सुईने काळी शाई सोडली, गोंदणच ते. दुसऱ्या दिवशी दुर्बीण खालून गेली. वाटेत तीन व्रण दिसले. चिमट्याने तांदळाच्या कणीएवढे तुकडे घेतले. मग आणखी आत, पडद्यावर तो काळा ठिपका आला. वरून आलेली वाट आणि खालून आलेली वाट तिथे जुळली होती, मधलं काही पाहायचं राहिलं नव्हतं.

क्षय निघाला नाही, क्रोन्सही नाही. गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचे ते व्रण होते. गोळ्या बंद झाल्या. गोंदलेल्या ठिपक्याचा फोटो मामांनी मापांच्या वहीत ठेवला आहे.