मत्र्यातले शेजारी

१७ जानेवारी १९९१, गुरुवार. ओमानात तेव्हा सुट्टीचा वार. पहाटेची अजान अजून व्हायची आहे आणि तुम्ही मस्कतमधल्या मत्र्याच्या बाजारामागे, दुसऱ्या मजल्यावरच्या घरात ट्रान्झिस्टर कानाशी धरून बसला आहात. बगदादवर बॉम्ब पडायला लागलेत. सद्दामच्या अल-हुसैन क्षेपणास्त्राचा पल्ला साधारण ६५० किलोमीटर. कुवेतपासून मस्कत हजाराहून लांब. हिशेब बरोबर आहे, पण हिशेबानं झोप लागत नाही. पाच महिन्यांपूर्वी कुवेत एका दिवसात सद्दामच्या हाती पडलं होतं, आणि तिथून अम्मानमार्गे विमानांनी परतलेल्या लाखाहून अधिक भारतीयांत तुमच्या ओळखीचेही होते.

उजाडल्यावर दार वाजतं. तळमजल्यावरचे चाचा. पांढरा डिशडाशा, डोक्यावर कशिद्याची कुम्मा, हातात कहव्याचा थर्मास. तरुणपणी खजूर घेऊन मुंबई बंदरात उतरलेला हा माणूस. मशीद बंदर त्यांना पाठ आहे. १९७०पर्यंत इथंही रुपयाच चालायचा, त्यामुळे जुने भाव ते अजून रुपयांतच सांगतात. युद्धाचं ते नावही काढत नाहीत. तांदूळ किती आहे, गॅस भरलेला आहे का, मुलांच्या दुधाचं काय, एवढंच विचारतात. बिनकानाची वाटी तुम्ही दोनदा भरून घेता आणि हलवून परत देता. हलवली नाही तर ते ओततच राहतील.

फेब्रुवारीत, युद्ध चालू असतानाच, महाशिवरात्र येते. जुन्या मस्कतमध्ये, सुलतानांच्या अलम राजवाड्याजवळच्या शिवमंदिरात तुम्ही जाता. गाडी चाचांचा मुलगा चालवतो आणि दर्शन होईपर्यंत बाहेर थांबतो.

असे शेजारी सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत, हेही सांगायला हवं. पासपोर्ट मालकाच्या कपाटात अडकवून लेबर कॅम्पात राहणाऱ्या आपल्या पोरांना धास्ती वेगळीच असते, आणि ती युद्ध थांबल्यानं संपत नाही.

आता दोन वर्षं पुढे या. जानेवारी १९९३. मस्कत शांत आहे आणि तुम्ही आईचा जोगेश्वरीचा नंबर पुन्हा पुन्हा फिरवताय. मुंबईत दंगलीची दुसरी फेरी पेटली आहे. डिसेंबर आणि जानेवारी मिळून सुमारे ९०० माणसं मेली, त्यांत ५७५ मुसलमान, असं श्रीकृष्ण आयोग पुढे नोंदवेल. आज तुमच्याकडे आकडे नाहीत. पण तिथं काय चाललंय ते रेडिओवर रोज येतं, आणि तोच रेडिओ खाली चाचाही ऐकतात. जिना उतरताना तुमचा पाय पहिल्यांदाच अडखळतो. सद्दामच्या युद्धात तुम्ही कुणाच्या नजरेला घाबरला नव्हता. शेजाराची खरी परीक्षा, माझ्या मते, या आठवड्यात झाली.

चाचा दारातच उभे आहेत. "माँ से बात हुआ?"

लाइन लागत नाही, तुम्ही सांगता. ते तुम्हाला आत नेतात, मशीद बंदरातल्या एका जुन्या व्यापाऱ्याचा नंबर शोधतात, आणि कर्फ्यू उठला की जोगेश्वरीला माणूस पाठवायचं त्याच्याकडून कबूल करून घेतात. दुसऱ्या दिवशी व्हिसाचा अर्ज घेऊन ते वर येतात. स्पॉन्सरच्या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव आधीच लिहिलंय. आईच्या पासपोर्टचा नंबर तेवढा तुम्ही सांगायचा आहे.