बीदरचा मनोरा आणि शिलोहाचा बुरूज

बीदरमध्ये चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे जाताना वाटेत महमूद गवानचा मदरसा लागतो. १४७२ साली बांधलेल्या या तीन मजली विद्यालयाचा एक मनोरा उभा आहे, दुसरा पडला, आणि इमारतीचा मोठा भागही गेला. भालकी-बसवकल्याणकडून शहरात येणाऱ्या आपल्यातल्या पुष्कळांनी तो पाहिला असेल. 'हे देवानेच केले' असे कधी म्हणावे, या प्रश्नासाठी आम्हांला ही जागा फार उपयोगी वाटते.

गवान हा इराणातल्या गीलानहून आलेला, बहमनी राज्याचा वजीर. विरोधकांनी त्याची मोहोर मिळवली आणि ओडिशाच्या राजाला लिहिलेले फितुरीचे खोटे पत्र तयार केले. सुलतान तिसरा मुहम्मदशहा नशेत होता. त्याने चौकशी न करता एप्रिल १४८१ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या त्या वजिराला ठार करवले. खरे कळले ते मागाहून. वर्ष भरण्याआधीच, मार्च १४८२ मध्ये, सुलतानही वारला. वय तिशीच्या आत. गवान आपल्याला फाडतो आहे, असे तो मरताना ओरडत होता, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो.

ऐकणारा लगेच म्हणतो, बघा, देवाचा न्याय! पण फरिश्ताने हे लिहिले सव्वाशे वर्षांनंतर, बिजापुरात बसून. सुलतान दारूत बुडालेला होता आणि मन त्याला खात होते. तेवढेही त्या ओरडण्याला पुरेसे आहे. शिवाय हिशेब पुढे नेला की बिघडतो. कटातला प्रमुख मलिक हसन पुढे मारला गेला हे खरे, पण त्याआधी तोच राज्याचा कारभारी झाला होता, आणि त्याच्या मुलाने १४९० मध्ये अहमदनगरची निजामशाही उभी केली. ती जवळजवळ दीडशे वर्षे चालली. आणि निर्दोष गवानचा मदरसा? मोगल फौजेने तिथे दारूगोळा ठेवला आणि १६९६ च्या सुमारास स्फोटात अर्धी इमारत उडाली. वीज पडली असेही सांगतात. वीज देवाने टाकली म्हणावे, तर कोणाच्या पापासाठी?

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशूपुढे असाच विषय निघतो. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली होती. ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असे प्रभूच विचारतो आणि नाही म्हणतो. बुरूज का पडला, हे तो सांगत नाही. ऐकणाऱ्यांना मात्र पश्चात्ताप करायला सांगतो.

मयताच्या घरी 'काहीतरी पाप असेल' असे कुजबुजणारे आपल्या मंडळीतही आहेत. सुलतानाच्या बाबतीत जे सिद्ध होत नाही, ते शेजारच्या विधवेच्या बाबतीत यांना कसे कळते?

आनंदाच्या गोष्टींतही चर्च सावध असते. फ्रान्समधल्या लूर्द येथे १८५८ पासून आजवर सात हजारांहून अधिक जणांनी आपण बरे झाल्याचे कळवले. चमत्कार म्हणून मान्यता मिळाली ती सुमारे सत्तरांना. तिथले डॉक्टरही 'देवाने बरे केले' असे लिहीत नाहीत. आजच्या वैद्यकाला याचे कारण सांगता येत नाही, एवढेच ते नोंदवतात. पुढचा शब्द बिशप उच्चारतात, आणि तो विश्वासाने उच्चारलेला असतो. बाकीच्या हजारोंनी देवाचे आभार मानले, त्यांना कोणी खोटे ठरवले नाही. आपल्याकडे साक्ष देताना 'मी प्रार्थना केली, मी बरा झालो, प्रभूची स्तुती असो' इतके म्हटले, आणि डॉक्टरांच्या औषधाचेही नाव घेतले, तरी त्या साक्षीत काही कमी पडत नाही.