बऊर, व्यवसाय कर आणि दीड हजार रुपये

परवा लोणावळ्यात एका लग्नाच्या पंगतीत शेजारचे गृहस्थ म्हणाले, "मावळातले लोक विकासाला आडवेच येतात." जिलबी येईपर्यंत तेच म्हणाले, "सरकारकडून सगळं फुकट हवं यांना." दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल, हे मला काही कळेना.

9 ऑगस्ट 2011 आठवा. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी न्यायचं, खर्च सुमारे 400 कोटी. बऊरजवळ शेतकऱ्यांनी एक्स्प्रेस वे अडवला, पोलिसांनी गोळीबार केला, तिघांचा जीव गेला. शहराची बाजू अगदीच खोटी नव्हती. धरणातून सोडलेलं पाणी नदीतून रावेतपर्यंत जातं, वाटेत कमी होतं, घाणही होतं. पण वाटेत "कमी होणाऱ्या" त्याच पाण्यावर काठच्या गावांच्या मोटारी चालतात. त्यात धरणात जमिनी गेलेल्या कित्येकांचं पुनर्वसन चाळीस वर्षं रखडलेलं. पैसा खर्च करू नका असं कोणी म्हणत नव्हतं हो. आम्हाला न विचारता हिशेब मांडलात, हा राग होता.

आता उलटं उदाहरण. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमी उभी राहिली आणि तिच्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून खेड्यातल्या मजुरीला पैसा! आजही पगाराच्या स्लिपवर 200 रुपये कापलेले दिसतात, फेब्रुवारीत 300. याला रेवडी म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. खडी फोडणारी माणसं तेव्हा सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

2024 ला लाडकी बहीण आली तेव्हा मीही नाक मुरडलं होतं, कबूल करतो. पवन मावळातल्या मावशीला म्हटलं, ही मतांची खरेदी आहे. ती म्हणाली, "असू दे. पण माझ्या खात्यात येतात, मधे कोणी हात घालत नाही. धरणाच्या वेळी कागदावर काय काय दिलं होतं, विचार तुझ्या आजोबांना."

आजोबा आता नाहीत. सरकारवर विश्वास नाही म्हणून ती कमी खर्च मागत नाही, हातात दिसेल असा खर्च मागते. 2023 मध्ये जलवाहिनीची स्थगिती उठली, तेव्हा विरोधाच्या सभेला हीच मावशी गेली होती. दीड हजारही हीच घेते.