चार बाजू आणि एक कर्ण

बीडच्या बाजारात कोणाही शेतकऱ्याला विचारा, गुंठा म्हणजे किती? तेहेतीस बाय तेहेतीस फूट, हे उत्तर तोंडावर येते. चाळीस गुंठ्यांचा एकर. हिशेब सोपा, कारण गुंठा चौरस धरला आहे. शेत मात्र क्वचितच चौरस असते, आणि वाटणीत भाऊ भांडतात ते तिथेच. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करायचा, ही फार जुनी रीत. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये तिला 'स्थूल' म्हटले आणि चार बाजूंवरूनच क्षेत्रफळ देणारी एक 'सूक्ष्म' रीत सांगितली.

या सूक्ष्म रीतीवर बोट ठेवले ते भास्कराचार्यांनी. जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडवीड हे आपले गाव, असे ते सांगतात. हे गाव म्हणजे बीड, असे काही अभ्यासकांचे मत आहे. आम्हा बीडकरांना ते आवडते, हे उघडच आहे. पण चाळीसगावजवळच्या पाटणला शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने काढलेल्या मठाला दिलेल्या दानाची नोंद त्यात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. खरे सांगायचे तर पारडे तिकडे झुकते.

आता 'लीलावती'तले उदाहरण पाहा. चौकोनाच्या चारही बाजू २५. कोन काटकोन असतील तर क्षेत्रफळ ६२५. तोच चौकोन जरा कलवा, कर्ण ३० आणि ४० झाले की उरतात ६००. आणखी दाबा, कर्ण १४ आणि ४८, की क्षेत्रफळ ३३६! बाजू त्याच. स्थूल आणि सूक्ष्म, दोन्ही रीती मात्र तिन्ही वेळा ६२५च सांगतात. म्हणूनच लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला भास्कराचार्य चक्क पिशाच म्हणतात, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठे.

हीच नजर त्यांनी गोलाकडे वळवली. वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणून गोलाचे पृष्ठफळ काढण्याची लल्लाची रीत त्यांनी चुकीची ठरवली. चेंडूवर जाळी बसवावी तसे हे पृष्ठफळ, आणि ते वर्तुळाच्या चौपट. आवळ्यावर रेषा असतात तशा गोलावर रेषा काढून, त्यामधल्या फाकांची बेरीज करून त्यांनी ते पटवले. युरोपात हे आर्किमिडीजला आधीच ठाऊक होते.

पण आपण शेताकडे येऊ. 'लीलावती'तला एकेक आकडा तेहेतीस फुटांची साखळी धरा. मग ६२५ म्हणजे १५ एकर २५ गुंठे, आणि ३३६ म्हणजे अवघे ८ एकर १६ गुंठे. बांध चारही बाजूंनी सारखेच मोजलेले, आणि फरक ७ एकर ९ गुंठ्यांचा. जुन्या शंकुसाखळी मोजणीत म्हणूनच नुसत्या बांधावरून साखळी फिरवून भागत नसे. शेताच्या आरपार एक सरळ रेषा धरायची आणि प्रत्येक कोपऱ्यापासून तिच्यावर लंब टाकायचा, असे ते काम होते.