मेदोरोगाचें पथ्य : चरकापासून शस्त्रक्रियेपर्यंत

यवतमाळ जिल्ह्याचें नांव निघालें म्हणजे डोळ्यांपुढें कपाशीची काळी जमीन, पावसाची लहर आणि कर्जाखालीं वांकलेला शेतकरी उभा राहतो. अशा जिल्ह्यांत मेदोरोगाची चर्चा करणें कोणास थट्टेचें वाटेल. परंतु रोग हा सातबाराचा उतारा पाहून घरांत शिरत नाहीं. यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस यांसारख्या गांवीं दुकानांत, कचेरींत व शाळेंत बसून काम करणारांचा वर्ग वाढला, पायीं चालणें सुटलें, साखर व मैदा स्वस्त झाला. आणि मधुमेह, रक्तदाब व गुडघेदुखी यांच्या संगतीनें मेदोरोगहि आला. सर्व उपाय थकल्यावर कांहींजण नागपूर, पुणें वा मुंबई येथें जाऊन जठरावर शस्त्रक्रिया करवून घेतात. ही शस्त्रक्रिया कांहीं तासांत आटोपते. तिचें पथ्य मात्र जन्मभर पाळावें लागतें. पिष्ट व साखर कमी, प्रथिनें अधिक, असें त्या पथ्याचें थोडक्यांत रूप आहे. तें नवें वाटतें, पण त्याचा इतिहास फार जुना आहे, आणि त्या इतिहासांत नांव असलेलीं दोन धान्यें आजहि यवतमाळच्या शिवारांत उभीं आहेत.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसावा अध्याय 'अष्टौनिंदितीय' या नांवाचा आहे. लोकनिंदेस पात्र होणाऱ्या आठ प्रकारच्या देहांची गणना करून त्यांपैकीं अतिस्थूल व अतिकृश या दोहोंचा विचार तेथें विस्तारानें केला आहे. दोहोंत कृश बरा, स्थूलाची चिकित्सा अधिक कठीण, असा त्याचा निर्वाळा आहे. स्थौल्याचीं कारणें सांगतांना अतिभोजन, गोड व स्निग्ध पदार्थांचें सेवन, व्यायामाचा अभाव, दिवसा झोंप यांच्या बरोबरच बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेला वारसा, हेंहि एक कारण दिलें आहे. सर्व दोष रोग्याच्या जिभेवर टाकून तो ग्रंथ मोकळा झाला नाहीं, ही गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे. मेदानें मार्ग अडल्यामुळें वायु कोठ्यांत कोंडतो, तो अग्नि भडकवितो, आणि मग स्थूल मनुष्यास पुनःपुन्हां भूक लागते, अशी त्याची उपपत्ति आहे. उपपत्ति आजची नव्हे. परंतु स्थूलाची भूक ही रोगाचाच एक भाग आहे, हें निरीक्षण मात्र खरें ठरलें.

उपाय सांगतांना चरकानें एक सूत्र दिलें : अन्न पचावयास जड असावें, पण पुष्टि करणारें नसावें. त्यासाठीं जी धान्यें त्यानें नेमून दिलीं त्यांत जव, सावा, राळे, कोद्रव, मूग व कुळीथ यांच्या जोडीला 'जूर्णाह्व' व 'आढकी' हीं दोन नांवें येतात. जूर्णाह्व म्हणजे ज्वारी असा अर्थ सामान्यतः केला जातो, आणि आढकी म्हणजे तूर. अर्थात् हें पथ्य आजच्या अर्थानें पिष्टवर्जित नव्हतें. पण तांदूळ, गूळ व तूप यांच्या जागीं भरड धान्य आणि डाळी आणावयाच्या, ही त्याची दिशा स्पष्ट होती.

युरोपांत हीच दिशा एका सामान्य व्यापाऱ्यानें लोकप्रिय केली. लंडन शहरीं विल्यम बँटिंग नांवाचा, अंत्यविधीची व्यवस्था करणारा एक प्रतिष्ठित गृहस्थ होता. इ. स. १८६२ च्या ऑगस्टमध्यें त्याचें वय ६५ च्या पुढें, उंची ५ फूट ५ इंच व वजन २०२ पौंड होतें. नाव वल्हविण्याचा व्यायाम त्यानें करून पाहिला, तों भूकच वाढली. शेवटीं कमी ऐकूं येतें म्हणून तो विल्यम हार्वे या कानाच्या वैद्याकडे गेला. यकृतांत साखर कशी तयार होते यावरील क्लोद बर्नार याचीं पॅरिस येथील व्याख्यानें हार्वेनें ऐकलेलीं होतीं. त्यानें बँटिंगला पाव, लोणी, दूध, साखर, बीअर व बटाटे वर्ज्य करावयास सांगितलें, आणि मांस, मासे व भाजी यांवर भर दिला. सुमारें वर्षभरांत बँटिंगचें वजन ४६ पौंडांनीं उतरलें. १८६३ सालीं त्यानें आपला अनुभव एका पुस्तिकेच्या रूपानें स्वखर्चानें छापिला. स्वीडिश भाषेंत वजन उतरविण्याच्या क्रियेला आजहि त्याच्या नांवावरूनच पडलेलें क्रियापद रूढ आहे.

तथापि पथ्य सांगणें सोपें, पाळणें अवघड. देह आपलें जुनें वजन परत मिळविण्यासाठीं धडपडतो, हा अनुभव सार्वत्रिक होता. म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यावर शल्यवैद्य या प्रश्नाकडे वळले. १९५४ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत क्रेमन, लिनर आदि वैद्यांनीं लहान आंतड्याचा बराचसा भाग वगळून अन्नाची वाट जवळची करण्याची पद्धति मांडली. वजन उतरे, पण अतिसार, मुतखडे व यकृताचे विकार मागें लागत. त्यामुळें ती पुढें सोडून द्यावी लागली. आयोवा विद्यापीठांतील एडवर्ड मेसन यांच्या दृष्टीस निराळीच गोष्ट आली. व्रणामुळें ज्यांच्या जठराचा भाग कापून काढावा लागे ते रोगी पुढें सहसा लठ्ठ होत नसत. १९६६ च्या सुमारास त्यांनीं व चिकाशी इतो यांनीं जठराचा लहानसा कप्पा राखून तो आंतड्यास जोडण्याची, म्हणजे बायपासची, शस्त्रक्रिया सुरू केली. पुढें दुर्बिणीच्या साहाय्यानें लहान छिद्रांतून ती होऊं लागली. 'स्लीव्ह' या नांवाची दुसरी पद्धति नंतर रूढ झाली. तींत जठराचा सुमारें तीन चतुर्थांश भाग काढून टाकून उरलेल्याची अरुंद नळी करतात. काढलेल्या भागांत घ्रेलिन नामक भूक चेतविणारा स्राव विशेषेंकरून तयार होतो. हा स्राव १९९९ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं शोधून काढला, आणि शस्त्रक्रियेनंतर भूक मंदावते ती केवळ जागा कमी झाल्यामुळें नव्हे, हें त्यामुळें उमगलें.

महाराष्ट्रांत या शस्त्रक्रियेचें नांव घरोघर पोंचलें तें २०१७ सालीं. इमान अहमद नांवाच्या अतिस्थूल इजिप्शियन स्त्रीला विमानानें मुंबईस आणून ७ मार्च रोजीं सैफी हॉस्पिटलांत तिच्यावर स्लीव्ह पद्धतीची शस्त्रक्रिया करण्यांत आली. पुढें अबूधाबी येथें उपचार चालू असतां त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्यें ती निवर्तली. तिचें आजारपण अनेकपदरी होतें, म्हणून तिच्या उदाहरणावरून सर्वांविषयीं निष्कर्ष काढतां येत नाहीं. परंतु शस्त्रक्रिया म्हणजे कथेचा शेवट नसून आरंभ आहे, एवढी गोष्ट लोकांच्या मनावर ठसली.

आतां प्रथिनांवर एवढा भर कां, हा प्रश्न येतो. त्याचें उत्तर शोधतांना एका मराठी विद्वानाचें स्मरण होतें. सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत अनेक वर्षें अधिकारी होते. जगांतील गरिबांस प्रथिनें कमी पडतात, यास्तव त्यांना प्रथिनांचे खास पदार्थ पुरवावे, असें मत त्या काळीं प्रबळ होतें. सुखात्मे यांनीं त्यास हरकत घेतली. त्यांचें म्हणणें असें कीं, हिंदुस्थानांतील गरिबाच्या ताटांत मुळांत पोटभर अन्नच नाहीं. शरीरास पुरेसें इंधन मिळालें नाहीं म्हणजे तें खाल्लेलीं प्रथिनेंहि जाळून टाकतें. मग घरांत लांकडें नसलीं म्हणजे माणूस खाटेचे गाते चुलींत घालतो तशी गत होते. पोटभर डाळ-भाकरी मिळाली तर प्रथिनांची उणीव बहुतांशीं आपोआप भरून निघेल.

हाच विचार उलट फिरवून पाहिला म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचें पथ्य समजतें. येथें इंधन जाणूनबुजून तोडलेलें असतें, कारण साठलेला मेद जळावा हाच हेतु असतो. पण शरीर मेदाबरोबर स्नायूहि जाळूं लागतें. तें टाळण्यासाठीं दिवसास निदान ६० ग्रॅम प्रथिनें पोटांत गेलीं पाहिजेत, असें वैद्यांचें सामान्य प्रमाण आहे. अनेकांस त्याहून अधिक लागतात. नाहीं तर वजन उतरल्याचा आनंद क्षणिक ठरतो : केस गळतात, पाय लटपटतात, जखम भरत नाहीं, आणि स्नायु घटल्यामुळें पुढें वजनहि लवकर परत येतें.

आरंभींचे दिवस पातळ पेयांवर काढावे लागतात. मग गाळलेलें वरण, ताक, दूध व प्रथिनांची भुकटी; त्यानंतर घोटलेलें मऊ अन्न; आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनीं नेहमींचें अन्न, अशी चढती पायरी असते. नव्या जठरांत प्रथम १०० ते १५० मिलिलिटरच मावतें. म्हणून प्रत्येक जेवणांत प्रथिनांचा घांस आधीं, भाजी नंतर, आणि जागा उरली तर भाकरी, असा क्रम ठेवितात. घांस बारीक चावावयाचा, जेवतांना पाणी प्यावयाचें नाहीं, तें अर्ध्या तासानें घोट घोट घ्यावयाचें. बायपास झालेल्यानें गूळ-साखर खाल्ली तर ती एकदम आंतड्यांत उतरून घाम, धडधड व अतिसार होतो.

हें पथ्य यवतमाळच्या ताटांत कसें बसावें? येथील नित्याचें जेवण ज्वारीची भाकरी, तुरीचें वरण, झुणका, अंबाडीची भाजी व ताक असें होतें. पुसद तालुक्यांतील गहुली येथें जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळांत राज्याचे मुख्यमंत्री होते. संकरित ज्वारीचा प्रसार त्यांच्याच कारकीर्दींत झाला. १९७२ च्या दुष्काळांत मायलो व सुकडी खाऊन दिवस काढलेली पिढी जिल्ह्यांत अजून आहे. पुढें कापूस व सोयाबीन यांनीं ज्वारीची जागा घेतली, आणि रेशनचा गहूं-तांदूळ ताटांत आला.

ज्वारी गुणी धान्य खरें, पण तिच्या १०० ग्रॅम पिठांत प्रथिनें सुमारें १० ग्रॅम व पिष्ट ७० ग्रॅमच्या आसपास असतें. शस्त्रक्रिया झालेल्यास तिचा चतकोर पुरे. तुरीच्या डाळींत १०० ग्रॅमला सुमारें २२ ग्रॅम प्रथिनें असलीं तरी केवळ डाळीवर ६० ग्रॅम गांठावयाचे म्हटले तर पाव किलोहून अधिक कोरडी डाळ शिजवावी लागेल. ती त्या लहानशा जठरांत मावणार कशी? याउलट दोन अंडीं, ५० ग्रॅम पनीर, एक पेला दूध, वाटीभर घट्ट दहीं, वाटीभर वरण आणि ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या एवढ्यानें तो आंकडा जवळजवळ गांठला जातो. मासे वा कोंबडी खाणाऱ्यास तो आणखी सोपा आहे. आणि येथेंच एक विसंगति नजरेस येते. सोयाबीनच्या दाण्यांत शेंकडा ३५ ते ४० भाग प्रथिनें असतात; तें यवतमाळच्या शेतांत पोत्यांनीं पिकतें. पण पिकविणाऱ्याच्या चुलीवर तें क्वचितच चढतें. तेल गिरणींत निघतें, आणि पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यांत जाते. दाणा घरीं वापरावयाचा तर मात्र तो भिजवून नीट शिजविला पाहिजे. कच्चा पचत नाहीं.

तरीहि नुसत्या प्रथिनांनीं भागत नाहीं. ब-१२, ड व ब-१ हीं जीवनसत्त्वें, लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या आणि रक्ततपासणी हीं जन्मभर चालू ठेवावीं लागतात. शाकाहारी घरांत ब-१२ ची उणीव आधींच असते. वारंवार ओकारी होऊं लागली तर ब-१ झपाट्यानें घटून मेंदूस व नसांस कायमची इजा होऊं शकते. तेव्हां तिकडे दुर्लक्ष न करतां तत्काळ वैद्य गांठावा. शस्त्रक्रिया करणारें रुग्णालय शंभर-दीडशें किलोमीटर दूर असलेल्या जिल्ह्यांत हीच गोष्ट सर्वांत अधिक मोडते. गाडीभाडें व एका दिवसाची मजुरी वांचविण्यासाठीं तपासणी पुढें ढकलली जाते, गोळ्या संपल्या म्हणजे पुन्हां आणल्या जात नाहींत, आणि लाखांनीं केलेला खर्च शेंकड्यांच्या काटकसरींत बुडतो.

दुसरा धोका आपल्या आग्रहाचा. पोळ्याच्या दिवशीं पुरणपोळी पुढें ठेवून एका घांसानें काय होतें, असें म्हणणारा आप्त प्रेमानेंच बोलत असतो. पण ज्याचें जठर अवघें केळ्याएवढें उरलें आहे त्यास त्या प्रेमाची किंमत मोजावी लागते. अशा माणसास ताटांत कमी वाढणें यांत कंजूषी नाहीं, आणि त्यानें ताटावरून लवकर उठणें यांत अन्नाचा अपमान नाहीं. ज्या देशांत उपासमारीच्या आठवणी ताज्या आहेत तेथें हें पटावयास वेळ लागेल. परंतु भुकेल्यास भरपूर वाढणें व रोग्यास बेतानें वाढणें हे दोन्ही एकाच गृहिणीचे धर्म आहेत, आणि दोन्ही तिला साधतील तेव्हांच हें पथ्य यवतमाळच्या घरांत सुखानें नांदेल.